नातवंडाचे वसतिगृह : खोली कोणती निवडावी?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या पार पडतात आणि घरातील धाकटे माणूस परगावी शिकायला निघते. शुल्क भरून होते, कागदपत्रांची फाईल तयार होते आणि मग एके दिवशी प्रश्न येतो, "आजी, एकट्याची खोली घेऊ की तिघांची?" आईवडील भाड्याचा आकडा पाहतात, मुले छायाचित्रातील पडदे आणि टेबल पाहतात. आपण मात्र बहुधा गप्प राहतो. 'आम्हांला यातले काय कळते,' असे म्हणून विषय सोडून देतो.

वाचकहो, तसे करू नका. पावसाळ्यात या मुलाची छाती भरते, लहानपणी तापात त्याला झटका आला होता, मन दुखावले की ते जेवण टाळते, या गोष्टी घरात सर्वांत जास्त आपल्याला ठाऊक असतात. खोली निवडताना याच माहितीचा उपयोग होतो.

सोबत हीच पहिली सोय

आपल्याकडे वसतिगृहे उभी राहिली ती केवळ निवाऱ्यासाठी नव्हे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे तेथे निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीला जेवली. खेड्यातून आलेल्या मुलाला छपराइतकीच माणसांची गरज असते, हे त्या पिढीने ओळखले होते. आज खोलीत वायफाय आणि वातानुकूलन आले. पण ती गरज बदललेली नाही.

एकट्याची, दोघांची की तिघांची?

एकट्याच्या खोलीत शांतता मिळते, अभ्यास आपल्या वेळेने होतो. परंतु नव्या गावात, पहिल्याच वर्षी, रात्री दोन वाजता ताप चढला तर पाणी देणारे कोणी नसते. दोन दिवस कोणी जेवले नाही, अंथरुणातून उठले नाही, तरी ते कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून विशेष अडचण नसेल, तर पहिल्या वर्षी दोघांची किंवा तिघांची खोली घेणे हिताचे. दुसऱ्या वर्षी मित्रमंडळ जमल्यावर एकट्याची खोली घेता येते.

'आमच्या मुलीला आजार आहे, तिला स्वतंत्र खोलीच हवी,' असे अनेकांना वाटते. पुष्कळदा याच्या उलट निर्णय योग्य ठरतो. इन्सुलिन घेणाऱ्या मुलीची साखर रात्री एकदम उतरली, तर तिला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी साखरपाणी हाती देणारी मैत्रीण खोलीत असणे फार मोलाचे. मात्र शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे, हे त्या मैत्रिणीला आधी समजावून सांगितलेले हवे.

अपस्माराचा त्रास असलेल्या मुलासही हेच लागू आहे. त्याने दुमजली पलंगाची वरची जागा घेऊ नये. झटका आल्यास त्याला कुशीवर वळवावे, जवळच्या टणक वस्तू दूर कराव्यात. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. झटका ५ मिनिटांहून अधिक टिकला, तर रुग्णवाहिका बोलवावी. ही माहिती सोबत्याला देण्यात लाज कसली? आजार लपवून राहणे हे आजाराहून जड ओझे असते. तो कोणाला आणि किती सांगायचा, हे मात्र मुलानेच ठरवावे.

दोघांच्या खोलीत पटले तर उत्तमच. न पटल्यास मात्र सुटका नसते. तिघांत कधी दोघांचे गूळपीठ जमते आणि तिसरा एकटा पडतो. आठ-दहा जणांच्या दालनात भाडे कमी, पण दिवा आणि गप्पा मध्यरात्रीपर्यंत चालू राहतात आणि एकाची सर्दी सर्वांना होते. किशोरवयात रोज ८ ते १० तास आणि अठराव्या वर्षानंतर किमान ७ तास झोप आवश्यक असते. अपस्मारात तर जागरणानेच झटका ओढवू शकतो. तेव्हा सोबती निवडण्याची मुभा असेल, तर गाव किंवा आडनाव पाहण्याऐवजी झोपण्या-उठण्याच्या वेळा जुळतात का, हे पाहावे. खोली बदलून मिळते का आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागतो, हेही आधीच विचारून ठेवावे.

खिडकी, ओल आणि मजला

प्रवेशाचे दिवस पावसाळ्याचे असतात, ही एक सोयच समजावी. भिंतीची ओल तेव्हाच दिसते. रंगाचे पोपडे, कोपऱ्यातील काळपट डाग, कपाट उघडताच येणारा कुबट वास ही बुरशीची लक्षणे होत. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाने अशी खोली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. खिडकी उघडून पाहावी. ती उघडते का, समोर भिंत आहे की मोकळी जागा, हवा आरपार खेळते का, हे तपासावे. हवा खेळती असेल, तर हवेतून पसरणाऱ्या रोगांचा धोकाही कमी होतो.

विदर्भात आणि मराठवाड्यात अगदी वरच्या मजल्यावरची खोली उन्हाळ्यात तापते, हे सांगणे नलगे. तेथे कूलर लागतोच. परंतु साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो आणि तो दिवसाउजेडी चावतो. कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी करण्याची सवय मुलाला लावावी.

स्वच्छतागृह खोलीला जोडलेले असावे की सामाईक चालेल, हा प्रश्न बहुतेक घरांत निघतो. सामाईक असण्यात गैर काही नाही. ते किती जणांत आहे, दिवसातून किती वेळा धुतले जाते, रात्री तेथे दिवा आणि पाणी असते का, हे महत्त्वाचे. ते अस्वच्छ असेल, तर मुली पाणी पिणेच कमी करतात, लघवी रोखून धरतात आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो.

पाणी, जेवण आणि औषधे

मेसमध्ये प्रत्यक्ष एक वेळ जेवून पाहावे. पाण्याची टाकी कधी धुतली, फिल्टरची देखभाल कोण करते, आजारी मुलाला खिचडी किंवा पेज मिळते का, हे विचारावे. दूषित पाण्यातून विषमज्वर आणि कावीळ पसरते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लसींची नोंद तपासून घ्यावी. धनुर्वात-घटसर्पाची मात्रा सोळाव्या वर्षी घ्यायची असते, ती राहून गेली असण्याचा संभव असतो. विषमज्वर व 'अ' प्रकारच्या काविळीच्या लसींबद्दलही विचारावे.

नेहमीची औषधे, त्यांची चिठ्ठी आणि रक्तगट लिहिलेला कागद एका डब्यात द्यावा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. शीतकपाट कोठे आहे आणि सुटीच्या दिवशी ते ज्या खोलीत आहे तिची किल्ली कोणाकडे असते, हे पाहून घ्यावे.

रात्री दार कोण उघडते?

रेक्टर वसतिगृहातच राहतात का, रात्री मुलाला रुग्णालयात नेण्याची व्यवस्था काय, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे प्रश्न विचारायला संकोचू नये. उत्तर मोघम आले, तर ती जागा पुन्हा पारखून घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार नवागतांची सोय शक्यतो स्वतंत्र इमारतीत करायची असते. ते शक्य नसल्यास वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या तेथील वावरावर देखरेख ठेवायची असते. रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आधारासाठी शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ मुलाच्या फोनमध्ये घालून द्यावा.

निघण्यापूर्वी घरातले एक काम

अनेक घरांत आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालणे, आजीच्या गोळ्यांचा डबा भरणे, दवाखान्यात सोबत जाणे ही कामे नातवंडेच करतात. ती पुढे कोण करणार, हे त्यांच्या देखत ठरवावे आणि आठवडाभर नव्या व्यवस्थेने चालवून दाखवावे. 'माझ्यावाचून यांचे कसे होईल' ही रुखरुख घेऊन मूल गेले, तर ते त्याही खोलीत रमत नाही.

पहिले काही आठवडे घरची आठवण येणारच. रोज दहादा फोन करू नये. एक वेळ ठरवून घ्यावी. आणि त्या वेळी 'जेवलास का?' एवढेच विचारून थांबू नये. त्याचे उत्तर 'हो' असेच येते. 'आज कोणाबरोबर जेवलास?' असे विचारावे. उत्तरात नावे येऊ लागली, की खोली मानवली असे समजावे. नावे येईनाशी झाली, आवाज मंदावला, झोप-भूक बिघडली असे सलग दोन आठवडे जाणवले, तर कोणीतरी जाऊन मुलाला भेटावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खोलीविषयीचा शेवटचा निर्णय ज्याला तेथे राहायचे आहे त्याचाच. आपण फक्त पाहायच्या गोष्टींची यादी हाती द्यावी आणि त्या यादीत 'सोबत' हा शब्द सर्वांत वर लिहावा.