एनओसी घेतली म्हणजे गद्दारी केली?

७ ऑक्टोबर २०२५. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या गहुंजे स्टेडियमवर महाराष्ट्र आणि मुंबई यांचा रणजीपूर्व सराव सामना सुरू होता. महाराष्ट्राच्या सलामीवीरांनी ३०५ धावांची भागी रचली. त्यात सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीच्या १८६ धावा होत्या आणि पृथ्वी शॉच्या १८१. शॉ ज्यांच्याविरुद्ध खेळत होता ते गोलंदाज वर्षभरापूर्वीपर्यंत त्याचे सहकारी होते. मग सांगवी-थेरगावच्या चहाच्या टपऱ्यांवर दोन मते पडली नसती तरच नवल. एक म्हणाला, आपल्याला आयता सलामीवीर मिळाला. दुसऱ्याने विचारले, ज्याने मुंबई सोडली तो आपल्याकडे किती दिवस टिकणार? तिसऱ्याचा मुद्दा वेगळाच होता: मुंबई काय महाराष्ट्रात नाही?

सुरुवात त्या तिसऱ्यापासून करू, कारण निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. रणजीतला ‘महाराष्ट्र’ हा संघ अख्ख्या राज्याचा नाही. राज्यात तीन स्वतंत्र क्रिकेट संघटना आहेत. मुंबई आणि लगतच्या पट्ट्याची एक, विदर्भाची दुसरी, आणि उरलेल्या भागाची तिसरी, म्हणजे पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट संघटना. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नांदेड हा मुलूख या तिसरीचा. मुंबईच्या आणि पुण्याच्या संघटनेला बोलीभाषेत एमसीए हेच नाव, त्यामुळे वर्तमानपत्र वाचतानाही घोटाळा होतो. रणजी करंडकांचा हिशेब मात्र स्पष्ट आहे: मुंबई ४२, विदर्भ ३, महाराष्ट्र २. महाराष्ट्राची दोन्ही विजेतेपदे प्रा. दि. ब. देवधरांच्या काळातली, १९३९-४० आणि १९४०-४१ची. म्हणजे शॉ द्रुतगती मार्गावरून दोन-अडीच तास इकडे आला, पण बीसीसीआयच्या कागदावर त्याने ‘राज्य’ बदलले.

दुसरा समज असा की जो जिथे जन्मला तिथूनच त्याने खेळायचे. तसे असते तर उत्तर प्रदेशातल्या भदोहीत जन्मलेला यशस्वी जयस्वाल मुंबईकडून खेळलाच नसता. खेळाडू एखाद्या संघटनेचा होतो तो जन्माने, किंवा त्या भागात किमान वर्षभर शिक्षण वा नोकरी करून. यापैकी काहीच नसेल तर तो ‘पाहुणा’ किंवा व्यावसायिक खेळाडू म्हणून येतो, आणि असे जास्तीत जास्त तीन खेळाडू एका संघाला घेता येतात.

हा तीनचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाहेरचे येऊन आमच्या पोरांच्या जागा खातात, ही तक्रार मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक नेहमी करतात. शॉसोबत २०२५-२६ च्या हंगामात जलज सक्सेनाही महाराष्ट्राकडे आला. मध्य प्रदेशातून सुरुवात, मग केरळात नऊ हंगाम, रणजीत ६००० धावा आणि ४०० बळी दोन्ही गाठणारा पहिला खेळाडू. नव्या हंगामातला महाराष्ट्राचा पहिलाच सामना तिरुवनंतपुरमला, केरळविरुद्ध. आघाडीचे तीन फलंदाज बाद झाले तेव्हा फलकावर शून्य होते. चौथा बाद झाला तेव्हा पाच. त्या तिघांत शॉही होता. डाव सावरला तो जुन्या सांगवीच्या ऋतुराज गायकवाडने ९१ धावा काढून, आणि त्याला साथ दिली सक्सेनाने, आपल्याच जुन्या संघाविरुद्ध ४९ धावा जोडून. पुढच्या सामन्यात, चंडीगडविरुद्ध, ऋतुराजने ११६ केल्या आणि शॉने १५६ चेंडूंत २२२. थेरगावला महापालिकेच्या मैदानावरील वेंगसरकर अकादमीत घडलेला मुलगा आणि बाहेरून आलेले दोघे, असा हा हिशेब आहे. जागा खाल्ली की डाव वाचवला, ते ज्याने त्याने ठरवावे. धावफलक दुसऱ्या बाजूने बोलतो.

सगळ्यात हट्टी समज पैशाचा. संघ बदलला, म्हणजे कुणीतरी जास्त दिले असणार! बीसीसीआयचे सामना मानधन मात्र राज्यावर ठरत नाही, अनुभवावर ठरते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार रणजीत ४० पेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, २१ ते ४० सामने असलेल्याला ५० हजार, आणि त्याखालच्याला ४० हजार रुपये. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. नागपुरात खेळा, पर्वरीत खेळा की गहुंजेत, रक्कम तीच. पाहुण्या खेळाडूला यजमान संघटना वेगळ्या कराराने पैसे देते हे खरे. पण बहुतेकांचे कारण आधी संधी असते, नंतर रक्कम. ऑक्टोबर २०२४ मध्ये शॉला मुंबईच्या रणजी संघातून वगळले गेले. त्यानंतरच्या आयपीएल लिलावात त्याला कुणी घेतले नाही. जून २०२५ मध्ये त्याने मुंबईकडून ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, घेतले आणि जुलैत महाराष्ट्राने त्याचे नाव जाहीर केले. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याला गेला, तोही मुंबईच्या गर्दीत अकरा जणांत जागा मिळेना म्हणून. गोव्याकडून रणजी पदार्पणात, राजस्थानविरुद्ध, त्याने १२० धावा काढल्या. वडिलांनीही १९८८ मध्ये रणजी पदार्पणातच शतक केले होते, ते मुंबईकडून.

वसीम जाफरचे उदाहरण तर पैशाच्या तर्काला उलटे टांगते. मुंबईचा हा ज्येष्ठ सलामीवीर २०१५-१६ मध्ये विदर्भाकडे गेला. पुढचा हंगाम दुखापतीत गेला, तरी विदर्भाने कराराचे पैसे थांबवले नाहीत. म्हणून २०१७-१८ चा हंगाम तो मानधन न घेता खेळला. त्याच हंगामात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्धचा विजयी फटका जाफरचाच. पुढच्या वर्षी त्याने हजाराहून जास्त धावा केल्या आणि करंडक नागपुरातच राहिला. चाळिशीकडे झुकलेला खेळाडू संघ बदलतो म्हणजे निवृत्तीची सोय पाहतो, असे ज्यांना वाटत होते त्यांनी नंतर तो विषय काढला नाही.

‘पूर्वी असे नव्हते, पूर्वी निष्ठा होती’ हे वाक्य उच्चारणाऱ्याला विजय हजाऱ्यांचे नाव सांगावे. सांगलीत जन्मलेल्या हजाऱ्यांनी १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजीतले ते पहिले त्रिशतक. आणि त्यानंतर थोड्याच काळात ते बडोद्याकडून खेळू लागले! १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमदसोबत त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली, ती बडोद्यासाठीच. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबवर नाबाद ४४३ करणारे भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, होळकर, रेल्वे अशा किती संघांतून खेळले ते मोजायला बसावे लागते. चंदू बोर्डे महाराष्ट्राकडूनही खेळले आणि बडोद्याकडूनही. तेव्हा संस्थानिक नोकरी देत आणि खेळाडू तिथे जात. आज रेल्वे आणि सेनादल हे रणजीतले दोन संघ तसेच चालतात. नोकरी तिथे तर संघही तो. निष्ठेची व्याख्या तेव्हाही पोटापाण्याशी जोडलेलीच होती, फक्त समाजमाध्यमे नव्हती.

आता त्या एनओसीकडे. पुष्कळांना वाटते ती रबरी शिक्का आहे. उरलेल्यांना वाटते एकदा घेतली की परतीचा रस्ता बंद. दोन्ही चूक. जुन्या संघटनेने ना हरकत दिल्याशिवाय नवी संघटना खेळाडूची नोंदणी करू शकत नाही, म्हणजे दाराची किल्ली जी संघटना सोडली जातेय तिच्याच हातात. हे कागद हंगाम सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला हलतात. जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्यासाठी मुंबईकडे एनओसी मागितली, मुंबईने होकार दिला. मे महिन्यात त्याने ती मागे घेण्याची विनंती केली आणि मुंबईने तीही मान्य केली. करुण नायर कर्नाटकातून विदर्भात गेला, २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध दुसऱ्या डावात १३५ धावा काढून करंडक जिंकून दिला, आणि पुढच्या हंगामात पुन्हा कर्नाटकात. मुंबईचा सिद्धेश लाड गोव्याला जाऊन परत आला. दार दोन्ही बाजूंनी उघडते.

या किल्लीवरूनच अमेरिकेत मोठा झगडा झाला, आणि तो आपल्या चर्चेत हमखास चुकीचा सांगितला जातो. तिथे राज्यांच्या संघांऐवजी कॉलेजांचे संघ असतात. कॉलेज बास्केटबॉलचे सामने लाखो लोक टीव्हीवर पाहतात. पूर्वी खेळाडूला कॉलेज बदलायचे तर दुसऱ्या कॉलेजशी बोलण्यासाठी आधीच्याची परवानगी लागे. आपल्या एनओसीची सख्खी बहीण. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॉलेज क्रीडा चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने ती काढून टाकली आणि ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू केले. नाव नोंदवले की कोणतेही कॉलेज संपर्क करू शकते. पण तेवढ्याने सुटका झाली नाही. पुरुष आणि महिला बास्केटबॉलसह काही खेळांत नव्या कॉलेजात एक वर्ष बाकावर बसावे लागायचे. २०२१ मध्ये एकदा बदलण्यासाठी ती अट उठली. दुसऱ्यांदा बदलणाऱ्याला कायम राहिली. वॉशिंग्टन, मग मोंटाना स्टेट, मग वेस्ट व्हर्जिनिया असा प्रवास केलेल्या रेक्वान बॅटल या खेळाडूला २०२३ मध्ये सवलत नाकारली गेली. डिसेंबरमध्ये सात राज्यांच्या महाधिवक्त्यांनी एनसीएएवर दावा लावला, संघीय न्यायाधीशांनी नियमाला स्थगिती दिली आणि बॅटल मैदानात उतरला. एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणारा खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो.

म्हणून ‘अमेरिकेत काय, पोर्टलवर नाव टाकले की झाले’ असे म्हणणारे अर्धेच सांगतात. पोर्टलवर नाव जाताच जुने कॉलेज पुढच्या सत्राची शिष्यवृत्ती काढून घेऊ शकते, आणि नवे कॉलेज मिळेलच याची हमी कुणी देत नाही. तिथे मोकळीक आली, तिच्यासोबत जोखीमही खेळाडूच्या गळ्यात पडली. आपल्याकडे एनओसीचा जाच आहे. पण जयस्वालसारखे मन बदलले तर जागा शाबूत राहिली. कोणती पद्धत बरी? ज्याला खेळायला मिळत नाही त्याला अमेरिकेची, ज्याचे बस्तान बसले आहे त्याला आपली. एक सुधारणा मात्र व्हायलाच हवी: अर्ज आल्यापासून किती दिवसांत संघटनेने हो किंवा नाही म्हणायचे, याची मुदत बांधलेली असावी. नामवंतांना उत्तर पटकन मिळते. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अर्जालाही ते मिळायला हवे.

आयपीएलमधल्या अदलाबदलीचा याच्याशी काडीचा संबंध नाही, एवढे जाता जाता. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईत आला आणि रवींद्र जडेजा राजस्थानात गेला, तो फ्रँचायझींमधला व्यवहार. सॅमसन केरळचाच राहिला, जडेजा सौराष्ट्राचाच. ऋतुराजही चेन्नईचा म्हणून तमिळनाडूचा होत नाही.

चाकण पट्ट्यातल्या घरांसाठी खरा महत्त्वाचा भाग यापुढचा. इथल्या कारखान्यांत लातूर-नांदेडहून आलेल्या कुटुंबातल्या मुलाला संघटना बदलण्याचा प्रश्नच नाही, तो आधीपासून पुण्याच्याच संघटनेच्या हद्दीतला. बुलढाणा, अकोला, यवतमाळहून आलेल्याचे तसे नाही. राज्य एक, जातीचा दाखला एक, पण क्रिकेटची संघटना विदर्भाची. तिथे मुलाची नोंद झालेली असेल तर तिथली एनओसी लागणार. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्यांचेही तेच. कॉलेजचा संघ ही आणखी वेगळी गोष्ट: आंतरविद्यापीठ स्पर्धेत पूर्णवेळ विद्यार्थीच उतरू शकतो, कंपनीत पक्की पाळी करणारा नाही. आणि पिंपरीचा मुलगा बडोद्याला इंजिनीअरिंगला गेला म्हणून आपोआप बडोद्याच्या रणजी संघाचा उमेदवार होत नाही: आधी वर्षभराचे शिक्षण, आणि इथे नोंद असेल तर एनओसी.

या गुंत्यात ‘पत्त्याचे मी बघतो’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. ओळखीच्या घरचा भाडेकरार, एखाद्या शाळेतला नावापुरता प्रवेश. त्याला दारातूनच परत पाठवावे. ऑगस्ट २०२० मध्ये बीसीसीआयने वयचोरी स्वतःहून कबूल करणाऱ्या मुलांना माफीची सवलत दिली. खोटा रहिवास दाखवणाऱ्यांना ती सवलत दिलेली नाही. त्यांना थेट दोन वर्षांची बंदी. सोळाव्या वर्षी लागलेली बंदी उठते तेव्हा मुलगा अठरा वर्षांचा झालेला असतो, आणि १९ वर्षांखालील संघासाठी त्याच्याकडे जेमतेम एक हंगाम उरतो.