शेणकिड्यांची फुलदाणी

‘स्कॅरब व्हाज’ ही अमेरिकेतील सुरुवातीच्या स्टुडिओ पॉटरीतील सर्वांत गाजलेली फुलदाणी. तिला झाकण आहे, त्यामुळे फुले ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. अंगभर शेणाचा गोळा ढकलणारे किडे कोरलेले आहेत. ॲडलेड अल्सॉप रॉबिनो (१८६५–१९२९) यांनी ती १९१० साली सेंट लुईसजवळच्या युनिव्हर्सिटी सिटी येथे घडवली आणि तिला ‘कष्टकऱ्याचा गौरव’ अशा अर्थाचे दुसरे नावही दिले.

नक्षी कोरायला सुमारे एक हजार तास लागले. न भाजलेले, वाळलेले पोर्सिलेन फार ठिसूळ असते; हत्यार जरा जोरात टेकले तरी कपचा उडतो. एवढे करून भट्टीतून फुलदाणी बाहेर आली ती तडे जाऊन. तेथेच शिकवणारे फ्रेंच तज्ज्ञ ताक्सिल दोआ यांच्या मते ती दुरुस्त होणे शक्य नव्हते. रॉबिनोंनी पोर्सिलेनची भुकटी करून तडे बुजवले, पुन्हा झिलई चढवली आणि फुलदाणी परत भट्टीत घातली. या वेळी ती निर्दोष निघाली. १९११ च्या तुरीन प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

त्या काळच्या कारखान्यांत घडवणारा एक, रंगवणारा दुसरा, भाजणारा तिसरा असे. रॉबिनो स्वतःही आधी तयार पांढऱ्या भांड्यांवर चित्रे काढत. पुढे चाकापासून भट्टीपर्यंतचे सगळे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. स्टुडिओ पॉटरी म्हणतात ती हीच.

त्या सिरॅक्यूज विद्यापीठात १९२० पासून शिकवत होत्या. पण शिक्षिका म्हणून त्यांचा खरा प्रभाव वर्गाबाहेर, त्यांच्या मासिकातून पडला. पती सॅम्युअल यांच्यासह १८९९ मध्ये सुरू केलेल्या ‘केरॅमिक स्टुडिओ’च्या वाचकांत भांडी रंगवणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. उच्च तापमानावर पोर्सिलेन भाजण्याविषयीचे दोआ यांचे लेखन सॅम्युअल यांनी इंग्रजीत आणले आणि ते याच मासिकात क्रमशः छापले गेले. कारखाने असली माहिती सहसा बाहेर जाऊ देत नसत. ती घरबसल्या मिळाल्याने हौशी वाचकांना माती आणि भट्टीकडे वळण्याची वाट सापडली. खुद्द रॉबिनोही पोर्सिलेनकडे वळल्या त्या याच लेखांच्या आधाराने.

त्यांच्या स्मरणार्थ सिरॅक्यूजच्या संग्रहालयाने १९३२ मध्ये मृत्तिकाकलेचे प्रदर्शन सुरू केले. ‘सिरॅमिक नॅशनल’ या नावाने ते पुढे अमेरिकन मृत्तिकाकारांचे प्रमुख व्यासपीठ बनले.