रस्त्याचं भाडं आणि गावाचा टीव्ही

अमेरिकेत राहणाऱ्या मावशीकडे किंवा दादाकडे गेलात आणि त्यांच्या घरी अजून केबल टीव्ही असेल, तर त्यांचं महिन्याचं बिल एकदा मागून बघा. बहुतेक बिलांत 'फ्रँचायझी फी' अशी एक ओळ सापडते. बऱ्याच जणांना तो आणखी एक सरकारी कर वाटतो. खरं तर ते भाडं आहे. केबल कंपनीची तार गावाच्या रस्त्याखालून आणि रस्त्याकडेच्या खांबांवरून जाते. रस्ता सगळ्यांचा, धंदा कंपनीचा, म्हणून कंपनीने पालिकेला उत्पन्नाचा वाटा द्यायचा. कंपनी तो वाटा ग्राहकाच्या बिलात लावते, ही गोष्ट वेगळी.

या भाड्यावर अमेरिकेतल्या शेकडो गावांचा एक आगळाच टीव्ही चालत आला आहे. त्यावर नगर परिषदेची सभा पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत दाखवतात. शाळा मंडळाची बैठक असते, हायस्कूलचा सामना असतो, आणि गावातला कोणीही रहिवासी थोडं प्रशिक्षण घेऊन स्वतःचा कार्यक्रम करू शकतो. दोन खुर्च्या, मागे पडदा, टेबलावर प्लास्टिकचं झाड, असा एकूण थाट. बघायला कंटाळवाणंच, पण आपल्या गल्लीतलं गटार कोणत्या नगरसेवकाने अडवलं हे दुसरीकडे कुठेही दिसत नाही. व्हर्मांट राज्यातल्या बर्लिंग्टनचे महापौर १९८६ ते १९८८ या काळात अशाच स्थानिक चॅनेलवर स्वतः माइक घेऊन लोकांशी बोलायचे. ते महापौर म्हणजे बर्नी सँडर्स.

या प्रकाराची सुरुवात छोटी होती. १९६८ मध्ये व्हर्जिनियातल्या डेल सिटीत रहिवाशांनी असं चॅनेल चालवून पाहिलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये केबलवर सार्वजनिक चॅनेल सुरू झाली, आणि त्याच वर्षी माहितीपटकार जॉर्ज स्टोनी यांनी रेड बर्न्स यांच्यासोबत न्यूयॉर्क विद्यापीठात सामान्य माणसांना कॅमेरा हाताळायला शिकवणारं केंद्र उभं केलं. एफसीसी, म्हणजे तिथली दळणवळण नियामक संस्था, हिने १९७२ मध्ये मोठ्या शहरांतल्या केबलवर अशी चॅनेल सक्तीची केली. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. शेवटी १९८४ च्या केबल कायद्याने वाट काढली. परवाना देताना गाव कंपनीकडे लोकांसाठी, शिक्षणासाठी आणि स्थानिक सरकारसाठी चॅनेल मागू शकतं, आणि केबल सेवेच्या उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ५ टक्के फी घेऊ शकतं.

या कायद्यात एक गंमत आहे. कॅमेरे, दिवे, स्टुडिओ अशा भांडवली खर्चासाठी गाव ५ टक्क्यांच्या वर पैसे मागू शकतं, पण कॅमेरा धरणाऱ्याच्या पगारासाठी तसं मागता येत नाही. तो पगार फीमधूनच काढावा लागतो, आणि फी कशावर खर्च करायची हे पालिका ठरवते. रस्त्यावरचे खड्डे, अग्निशमन दल आणि टीव्ही केंद्र, सगळे एकाच थाळीत जेवणारे.

खरी मेख मात्र 'केबल सेवेचं उत्पन्न' या शब्दांत आहे. तिथल्या घरात येणारी केबलची तार एकच असते. त्या तारेवरची जागा ६ मेगाहर्ट्झच्या कप्प्यांत वाटलेली असते. काही कप्प्यांतून टीव्ही येतो, काही कप्प्यांतून इंटरनेट. तार तीच, खांब तोच, रस्ताही तोच. पण २००२ मध्ये एफसीसीने ठरवलं की तारेवरून येणारं इंटरनेट ही केबल सेवा नसून 'माहिती सेवा' आहे, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. त्याच तारेतल्या इंटरनेटच्या कप्प्यांचं भाडं त्या व्याख्येने माफ झालं.

हिशेब करून बघा. समजा एक कुटुंब टीव्हीसाठी ८० आणि इंटरनेटसाठी ६० डॉलर देतं. गावाला ८० डॉलरवर ५ टक्के, म्हणजे ४ डॉलर मिळतात. उद्या त्यांनी टीव्ही बंद केला, इंटरनेट वाढवून घेतलं आणि सगळ्या मालिका नेटफ्लिक्सवर बघायला लागले. कंपनीचं बिल चालू, तार जागेवर, तारेतून जाणारा व्हिडिओ पूर्वीपेक्षा जास्त, आणि गावाला मिळतो शून्य. गेल्या दहा-पंधरा वर्षांत लाखो घरांनी नेमकं हेच केलं. आपणही तेच केलं असतं.

ओरेगॉनमधल्या युजीन शहराने यावर तोड काढली होती. त्यांनी इंटरनेटच्या उत्पन्नावर ७ टक्के परवाना फी लावली. कॉमकास्ट कंपनी कोर्टात गेली, आणि २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. मग २०१९ मध्ये एफसीसीने नवा आदेश काढून अशा फीला बंदी केली. त्याच आदेशात आणखी एक कलम होतं. कंपनी शाळांना किंवा सरकारी इमारतींना मोफत जोडणी देत असेल, तर तिची किंमत ५ टक्क्यांत मोजायची. थोडक्यात, एका हाताने दिलेली भेट दुसऱ्या हाताने भाड्यातून वळती. शहरं पुन्हा कोर्टात गेली. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एवढीच सवलत दिली की ही किंमत बाजारभावाने नाही, कंपनीला प्रत्यक्ष पडलेल्या खर्चाने मोजावी. युजीनची ७ टक्के फी मात्र गेली.

काही शहरांनी मोर्चा थेट नेटफ्लिक्स आणि हुलूकडे वळवला. ओहायोतल्या मेपल हाइट्सचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २०२२ मध्ये फेटाळला गेला. या कंपन्या रस्त्यात तारा टाकत नाहीत, मग भाडं कसलं? मला हा निकाल पटतो. ज्याने रस्ता खोदला नाही त्याच्याकडून खोदाईचे पैसे मागणं ओढूनताणूनच आहे. ज्याने खोदला त्याचं अर्धं उत्पन्न हिशेबाबाहेर का, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

"मग सभा यूट्यूबवर टाका की!" असं आपल्यापैकी बरेच जण म्हणतील. केंद्रं ते करतातच. पण यूट्यूब जागा फुकट देतं, माणूस देत नाही. मंगळवारी रात्री अकरापर्यंत चाललेल्या सभेत आवाज नीट येतोय ना हे बघायला, आजोबांना संकलन शिकवायला, शाळेतल्या मुलीच्या हातात पहिला कॅमेरा द्यायला कोणीतरी पगारी माणूस लागतो. जिथे स्थानिक वर्तमानपत्र बंद पडलं आहे, तिथे सभेला हजर असलेला शेवटचा बाहेरचा डोळा कधी कधी हाच असतो.

गावाचा टीव्ही आपल्याही भागाला नवा नाही. वडोदऱ्याहून अहमदाबादकडे जाताना खेडा जिल्ह्यात पीज नावाचं गाव लागतं. १९७५ मध्ये इस्रोने तिथे छोटं प्रक्षेपण केंद्र उभारलं आणि शेती, मजुरी, जातिभेद अशा विषयांवर गावकऱ्यांना बरोबर घेऊन गुजरातीत कार्यक्रम केले. १९८४ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि १९८५ मध्ये केंद्र बंद झालं. त्याला हक्काचं भाडं देणारा रस्ता नव्हता, सगळी भिस्त दिल्लीवर होती. आज आपल्याकडे संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो, पण स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. केबलवरच्या स्थानिक चॅनेलसाठी २०२२ मध्ये नियम आले, आणि त्यांत स्थानिक बातम्या दाखवण्याची मुभा कंपनी म्हणून नोंदलेल्या केबलचालकांनाच आहे. नागरिकांच्या चॅनेलसाठी तारेत जागा आणि पैसा राखून ठेवणारी तरतूद आपल्या केबल कायद्यात नाही.

अमेरिकेत ती अजून आहे, आणि तिथल्या आपल्या नातेवाइकांना ती वापरता येते. केबलचा करार सार्वजनिक कागद असतो आणि त्याची मुदत नगर परिषदेच्या कचेरीत विचारली की कळते. मुदत संपण्याच्या ३६ महिने आधीपासून सहा महिन्यांचा काळ कायद्याने ठेवलेला आहे. त्यात गावाच्या गरजा काय, हे ठरवण्याची प्रक्रिया सुरू करता येते आणि रहिवाशांना आपलं म्हणणं मांडता येतं. आपल्या भाषेतल्या कार्यक्रमाला वेळ हवा, स्टुडिओ हवा, हे सांगायची जागा तीच. हे सगळं जिथे परवाना अजून गावाच्या हातात आहे तिथलं. २००५ पासून टेक्सास, कॅलिफोर्निया आणि इतर अनेक राज्यांनी तो राज्याकडे घेतला. कॅलिफोर्नियात नव्या कायद्याने केबल कंपन्यांवरचं स्टुडिओ चालवण्याचं बंधन सुटलं, आणि २००८ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमधल्या सार्वजनिक स्टुडिओंना कुलूप लागलं.