आठवड्याचे अन्न ओसरीवर मांडा

गृहिणींनो, आठवड्याला घरात किती पीठ, किती तेल लागते हे तुम्हाला तोंडपाठ असेल. पण ते सगळे एकाच वेळी, एका जागी मांडलेले कधी पाहिले आहे काय?

अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर मेंझेल व त्यांच्या लेखिका पत्नी फेथ डी'अलुइसिओ यांनी नेमके हेच केले. २४ देशांतील ३० कुटुंबे आणि त्यांच्यापुढे मांडलेले आठवड्याचे अन्न, अशा फोटोंचे त्यांचे ‘हंग्री प्लॅनेट’ हे पुस्तक २००५ साली निघाले.

त्यातील चाड देशातला फोटो पाहताना आपला माणूस थबकतो. सुदानच्या दारफुरमधील लढाईमुळे परागंदा झालेली एक आई, तिची पाच मुले, आणि पुढ्यात मुख्य धान्य ज्वारी! भाजी नावापुरती. मदतीचे रेशन सोडून पदरचा खर्च १.२३ डॉलर. अमेरिकेतील एका चौघांच्या घराचे अन्न ३४१.९८ डॉलरचे, पण डोळ्यांत भरतात ते पुडे, बाटल्या आणि पिझ्झा. भूतानच्या खेड्यातील कुटुंबाला लागले ५.०३ डॉलर, कारण बरेचसे घरच्या शेतातले. तेव्हा नुसत्या पैशावरून ताट जोखता येत नाही.

उज्जैनचे एक शाकाहारी कुटुंबही त्यात आहे. शाकाहारी म्हणजे निर्धास्त, असे मात्र समजू नका. साखर, शेव, बिस्किटे हीसुद्धा शाकाहारीच!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली, दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटाचा हिशेब दिला आहे: भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. मीठ ५ ग्रॅमच्या वर नको. शेतात राबणाऱ्याला भाकरी जास्त लागणार, हे उघड आहे. आता पाच माणसांचा आठवडा धरा. भाजी १४ किलो, फळे साडेतीन किलो, डाळी तीन किलो, तेल किलोच्या आत, आणि लोणचे-पापड धरून मीठ अवघे १७५ ग्रॅम. मिठाचा अतिरेक आज जाणवत नाही. वर्षांनुवर्षांनी रक्तदाबाच्या रूपाने पुढे येतो.

चौदा किलो भाजी! क्रेट भरभरून बाजारात पाठवणाऱ्या घरातही रात्री पिठल्यावर भागते, हे आपण पाहतोच. परसातला शेवगा, बांधावरचा तांदुळजा, वेलावरचा भोपळा यांचा वाटा आधी घरात काढून ठेवायला काय हरकत आहे?

येत्या बाजाराच्या दिवशी सगळे ओसरीवर मांडा. आजी-आजोबांना मध्ये बसवा, नातवंडांना पुढे, आणि मोबाईलवर एक फोटो काढा. पुढच्या हंगामात दुसरा काढून शेजारी ठेवा. फक्त फोटोपुरते फरसाणाचे पुडे फडताळात लपवू नका.