वेळेची कीर्द

सायंकाळी रोकड मोजताना एक रुपया कमी भरला, तर पेढीवरील दिवा मालवला जात नाही. कीर्द पुन्हा तपासली जाते. परंतु त्याच दिवशी मालकाचे तीन तास कोठे गेले, हे विचारावयास कोणी नसते. विचारलेच, तर “आज क्षणाची उसंत नव्हती” हे उत्तर तयार असते. ते जाणूनबुजून खोटे नसते. पण जमाखर्च न पाहता दिलेले असते, एवढे खरे.

व्यवस्थापनशास्त्राचे विख्यात लेखक पीटर ड्रकर यांनी १९६७ च्या ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ या ग्रंथात एका कंपनीच्या अध्यक्षाची हकीकत दिली आहे. वरिष्ठ सहकारी, मोठे ग्राहक आणि सार्वजनिक कार्य या तिहींत आपला वेळ सारखा वाटला जातो, अशी त्या गृहस्थांची खात्री होती. सहा आठवड्यांची प्रत्यक्ष नोंद झाली, तेव्हा या तिहींस जवळजवळ काहीच मिळत नसल्याचे दिसले. बहुतेक वेळ ओळखीच्या ग्राहकांच्या मागण्यांसाठी कारखान्यास दूरध्वनी करण्यात जाई. आणि त्या मागण्या सुरळीत चाललेल्याच असल्याने त्यांच्या मध्ये पडण्याने उलट खोळंबाच होई. प्रथम त्यांनी नोंदीवर विश्वासच ठेवला नाही. आपल्या गादीवर बसून हे वाचताना कोणास हसू येईल, असे वाटत नाही.

ड्रकर यांचा आग्रह असा की, नोंद रात्री आठवून न करता त्या त्या वेळीच करावी. मग प्रत्येक बाबीस प्रश्न विचारावे: हे केलेच नसते तर काय बिघडले असते? हे दुसऱ्यास करता आले असते काय? आणि माझ्यामुळे इतरांचा वेळ कोठे वाया जातो? तिसरा प्रश्न फार बोचणारा आहे.

प्रस्तुत लेखकाने पंधरा दिवस अशी कीर्द लिहिली. भ्रमणध्वनीवरील बाजारभाव पुनःपुन्हा पाहण्यात रोज तासाहून अधिक वेळ जात होता. हिशेबनीस मात्र सहीसाठी ताटकळत असे. जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची २० तारीख महिनाभर आधी ठाऊक असूनही १९ तारखेस धावपळ होई, ती याचमुळे. वस्तुतः सामायिकाची ४८ मिनिटे आपण काटेकोर पाळतो, आणि तेवढा वेळ दुकान आपणावाचून चालतेच की!

आता सकाळी १० ते ११ हा तास सह्या व हिशेब यांसाठी राखला आहे. भाव दिवसातून दोनदा पाहिले जातात. “सवड झाली की कळवतो” असे सांगून दलालास परत पाठविणे सुटले. त्यास “गुरुवारी ४ वाजता या” असे सांगतो, किंवा “हा माल घ्यावयाचा नाही” असे त्याच वेळी सांगून टाकतो. पहिल्या खेपेस तो थोडा चपापला. पण दुसऱ्या खेपेस चहा घेऊन गेला.