हवाई तळ आणि त्याच्या शेजारचे शहर



हवाई दलाचा तळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमाने उभी राहतात. ते स्वाभाविकच आहे. पण विमान आकाशात असते तो वेळ थोडा आणि जमिनीवर असते तो वेळ फार मोठा. जमिनीवर असताना त्याला पाणी, इंधन, स्वच्छ रस्ता, पहारा आणि दुरुस्ती लागते. जे लोक त्याची निगा राखतात त्यांना दूध, भाजी, घर आणि मुलांसाठी शाळा लागते. यातले काही सरकार लांबून धाडते. बाकीचे सारे कुंपणापलीकडच्या गावातून येते. हे गाव तळाला कसे सांभाळते आणि त्या बदल्यात त्याच्या पदरात काय पडते, हा आजचा विषय आहे.

उदाहरण म्हणून मी कच्छमधील भुज शहर घेतो. महाराष्ट्रातही असे तळ आहेत. पुण्याचे लोहगाव आहे, नागपूरचे सोनेगाव आहे. नाशिकजवळ ओझरला तर १९६४ पासून विमानांचा कारखानाच आहे. परंतु पुणे व नागपूर ही मोठी शहरे. तेथे तळाचा भार शेकडो धंद्यांत वाटला जातो आणि कोण काय उचलतो ते दिसत नाही. भुज हे दीड-दोन लाख वस्तीचे शहर. तेथे हिशेब स्वच्छ दिसतो. शिवाय कच्छ आपल्याला परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून ३० एप्रिल १९६० पर्यंत कच्छ आणि आपण एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होतो. मुंबईच्या दाणाबाजारात ज्याने हमाली केली आहे त्याला कच्छी माणूस ठाऊक आहे.

तळाला पहिली गोष्ट लागते ती जमीन. भुजची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांबीची आहे. तेवढ्या जागेवर काम भागत नाही. दोन्ही टोकांना मोकळे रान हवे, दारूगोळ्याच्या कोठारापासून वस्ती दूर हवी आणि आसपासच्या इमारतींच्या उंचीला मर्यादा हवी. १९०३ सालच्या संरक्षणविषयक बांधकामांच्या कायद्याने सरकारला असे निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. म्हणजे ज्याची जमीन तळात गेली त्याला मोबदला मिळतो, पण ज्याची जमीन कुंपणाला लागून राहिली त्याला ती असून नसल्यासारखी होते. तो तिच्यावर मजला चढवू शकत नाही आणि तिला भावही येत नाही. शहर देत असलेला हा पहिला कर आहे आणि त्याची पावती कोणी फाडत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. कच्छ हा कोरडा मुलूख. वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. अशा ठिकाणी हजारो माणसांची नवी वसाहत उभी राहिली की विहिरी आणि नळ यांवर ताण पडणारच. दुधाचे आणि भाजीचेही तसेच. तळाचा ठेका मिळाला की गवळ्याला बारमाही गिऱ्हाईक मिळते, आणि बाजारात गरिबाला त्याच दुधासाठी चार पैसे जास्त मोजावे लागतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तिसरी गोष्ट मनुष्यबळ, आणि येथे मला थोडे थांबले पाहिजे. गणवेशातला माणूस विमान चालवतो, पण धावपट्टीवरचे गवत कोण कापते? इमारतींना चुना कोण लावते? पंप कोण चालवते? लष्करी अभियांत्रिकी सेवेत मुलकी कामगार असतात. त्यांच्याखेरीज कंत्राटदाराकडची माणसे असतात, आणि ती बहुतेक शेजारच्या गावांतून येतात. नोकरीत कायम असलेल्या कामगाराला संघटना आहे. संरक्षण खात्यातील कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे नेतृत्व आपले एस. एम. जोशी यांनी अनेक वर्षे केले, हे या सभेला सांगायला नको. कंत्राटी मजुराची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला आणि २०२० साली संसदेने केलेल्या संहितेत तो विषय घेण्यात आला. कायदा असूनही ज्याचे नाव मस्टरवर नाही त्याच्यापर्यंत कायदा पोचत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

चौथी गोष्ट ऐकून आपल्याला हसू येईल. ती म्हणजे कचरा. विमानाचा एक मोठा शत्रू पक्षी आहे. ताशी पाचशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर घार आदळली तर काच फुटते. ती इंजिनात ओढली गेली तर इंजिनाची पाती मोडतात. आणि एकाच इंजिनाचे विमान असेल तर पुढचे सांगायला नको. आता घार धावपट्टीजवळ का येते? उकिरडा असतो म्हणून. उकिरडा का साचतो? गाडी चार दिवस आली नाही म्हणून. गाडी का आली नाही? सफाई कामगारांचा दोन महिन्यांचा पगार थकला म्हणून. म्हणूनच विमानविषयक १९३७ च्या नियमांत, विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या टापूत उघड्यावर जनावरे कापण्यास आणि घाण टाकण्यास मनाई करण्यात आली. नियम दिल्लीत झाला, पण तो पाळायचा की नाही हे गावातल्या झाडूवाल्याच्या हाती आहे. कोट्यवधी रुपयांच्या विमानाची सुरक्षितता काही अंशी त्याच्या हजेरीवर उभी आहे, हे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही.

आता मी भुजच्या त्या प्रसंगाकडे येतो, ज्यामुळे हे शहर देशाला ठाऊक झाले. ३ डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम सीमेवर युद्ध पेटले. भुज हद्दीच्या जवळ, म्हणून तेथे वारंवार बाँबहल्ले झाले. ८ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या साबर विमानांनी धावपट्टीवर बाँब टाकले आणि ती निकामी केली. धावपट्टी फुटली म्हणजे तळाचे हातपायच बांधले गेले. विमान शाबूत असले तरी उडणार कोठून? खड्डा नुसता मातीने बुजवून भागत नाही. तळापासून दगड भरावे लागतात, खडी घालून ती ठोकावी लागते, वरचा थर सपाट करावा लागतो. शेवटी सारा पृष्ठभाग झाडून काढावा लागतो, कारण सुटा राहिलेला एखादा खडाही जेट विमानाच्या इंजिनात ओढला जातो.

तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. ते मूळचे नागपूरचे. दुरुस्तीला पुरेसे मनुष्यबळ हाताशी नव्हते. जवळच माधापर नावाचे गाव. गावचे सरपंच जाधवजीभाई हिरानी यांनी हाक दिली आणि सुमारे तीनशे स्त्रिया कामावर आल्या. बहुतेक लेवा पटेल समाजातल्या, शेतीभातीच्या कष्टांना सरावलेल्या. कित्येकींची मुले लहान होती. ती शेजाऱ्यांच्या हवाली करून त्या निघाल्या.

काम कसे चालले ते नीट पाहण्यासारखे आहे. विमान येत असल्याची खबर आली की भोंगा वाजे, आणि बाया जवळच्या झुडपांत नाहीतर खंदकात शिरत. धोका टळल्याचा भोंगा झाला की पुन्हा घमेली उचलत. वरून ओळखू येऊ नये म्हणून त्यांना हिरव्या साड्या नेसायला सांगितले होते. दुरुस्त झालेला भाग शेणाने सारवून झाकला जाई. पहिल्या दिवशी खाण्याची धड सोय नव्हती. पुढे देवळातून फळे आणि गोडधोड आले. अशा रीतीने बहात्तर तासांत धावपट्टी पुन्हा उभी राहिली आणि तिच्यावरून विमान उडाले. सरकारने या स्त्रियांना पन्नास हजार रुपयांचे बक्षीस दिले, आणि ते त्यांनी गावच्या सभागृहासाठी देऊन टाकले.

ही गोष्ट आपण शौर्याची म्हणून सांगतो, आणि ती शौर्याची आहेच. पण मी कामगारांत वावरणारा माणूस; मला तिच्यात आणखी काही दिसते. तीनशे बाया बाँबच्या छायेत काम करू शकल्या, कारण त्या कामाला व्यवस्था होती. धोक्याची सूचना देणारा भोंगा होता. लपायला जागा होती. अंगावर काय घालावे हे सांगितलेले होते. बोलावणारा माणूस त्यांच्या विश्वासातला होता, आणि तळाचा प्रमुख स्वतः तेथे हजर होता. सूचना, आसरा, योग्य कपडे, अन्न आणि जबाबदार अधिकारी, या पाच गोष्टी संघटना शांततेच्या काळात प्रत्येक बांधकामावर मागते. तेव्हा आम्हाला उत्तर मिळते की एवढे लाड परवडत नाहीत. जे युद्धाच्या तीन दिवसांत परवडले ते एरवी का परवडू नये, याचे उत्तर मला अजून कोणत्याही कंत्राटदाराने दिलेले नाही.

दुसरा प्रश्न नुकसानभरपाईचा. चीनशी झालेल्या युद्धानंतर, १९६३ साली, युद्धात जखमी होणाऱ्या कामगारांच्या भरपाईसाठी विम्याचा कायदा करण्यात आला. कायदा चांगला. पण भरपाई मागायची तर मी अमुक मालकाकडे कामाला होतो हे दाखवावे लागते. ज्याला सकाळी नाक्यावरून ट्रकमध्ये घातले आणि संध्याकाळी रोख पैसे देऊन सोडले, त्याने ते कसे दाखवायचे? माधापरच्या त्या बाया सुखरूप घरी आल्या हे आपले भाग्य. कामाची नीट नोंद ठेवणे ही मात्र भाग्यावर सोडण्याची गोष्ट नव्हे.

शहर तळाला आणखी एक गोष्ट देते, ती म्हणजे काळोख. ब्लॅकआउट म्हणजे नुसता दिवा मालवणे नव्हे. दुकानदाराने विक्री सोडायची, बाळंतिणीच्या खोलीला काळा कागद लावायचा, रात्रपाळीच्या माणसाने अंधारात घर गाठायचे. हे काम हुकमाने थोडेच होते; गल्लीगल्लीत फिरणारे स्वयंसेवक लागतात. होमगार्डची संघटना डिसेंबर १९४६ मध्ये प्रथम मुंबई प्रांतातच उभी राहिली आणि १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला. हे सारे जुन्या काळचे आहे असे मानू नका. मे २०२५ मध्ये भुजने पुन्हा दिवे मालवले, आणि तेथील तळावर पुन्हा हल्ला झाला. त्याच महिन्यात माधापरच्या त्या वीरांगनांपैकी काही जणी पंतप्रधानांना भेटल्या, तेव्हा त्या वार्धक्यात होत्या. तळाशेजारच्या गावाला शेजारधर्माची ही किंमत पिढ्यान्‌पिढ्या द्यावी लागते. कारण शत्रू तळावर नेम धरतो तेव्हा गावही त्या नेमाच्या जवळच असते.

मग शहराला परत काय मिळते? व्यापार मिळतो, रोजगार मिळतो, रस्ते बरे होतात. भुजला मुलकी विमानसेवा मिळाली तीही हवाई दलाच्याच धावपट्टीवरून. पण खरी परतफेड २००१ साली झाली. २६ जानेवारीच्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरला. भुजचे जुने शहर कोसळले, सरकारी रुग्णालयही कोसळले. तळावरील इमारती पडल्या आणि हवाई दलाची माणसे व त्यांच्या घरची माणसे ढिगाऱ्यांखाली मेली. तरीही त्या धावपट्टीवर मदतीची विमाने उतरली. औषधे, तंबू, डॉक्टर आले. गंभीर जखमींना इतर शहरांत नेता आले. ज्या धावपट्टीसाठी माधापरच्या बायांनी दगड वाहिले होते, तिनेच तीस वर्षांनी त्या परिसराला हात दिला. तळ आणि शहर यांचे नाते धनी आणि चाकर यांचे नाही. एकाच भिंतीला टेकलेल्या दोन घरांचे आहे.

म्हणून जेथे जेथे असा तळ आहे तेथील नागरिकांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा असे मला वाटते. पहिली, तळासाठी राबणाऱ्या प्रत्येक मजुराचे नाव मस्टरवर असावे आणि त्याची प्रत त्याच्या हाती असावी. पहाऱ्याच्या दृष्टीनेही, आत कोण आले याची नोंद असणे हिताचेच आहे. दुसरी, सफाई कामगारांचा पगार नगरपालिकेने सर्वांत आधी द्यावा, कारण त्यांचे काम थांबले तर त्याचा परिणाम आकाशापर्यंत पोचतो. तिसरी, कुंपणालगतच्या ज्या लोकांच्या जमिनीवर निर्बंध आले आहेत, त्यांचे नुकसान मोजले जावे आणि ते भरून द्यावे. या तिन्ही मागण्यांत सैन्याविरुद्ध एक अक्षरही नाही. उलट तळ ज्यांच्या आधारावर उभा आहे त्यांची घडी नीट बसवावी एवढेच यात मागितले आहे.

माधापरच्या बाया कामावर गेल्या तेव्हा त्यांनी मजुरीचा दर विचारला नव्हता. त्यांचा तो मोठेपणा. पण कोणी दर विचारला नाही म्हणून देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, एवढे आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे.