समुद्र नसलेल्यांची सहल

सहलीचा विषय निघाला की कोकण, गोवा, महाबळेश्वर ही नावे प्रथम ओठांवर येतात. त्यात गैर काही नाही. पण जालन्याहून मुंबईच रेल्वेने चारशे किलोमीटरहून अधिक दूर. समुद्र पाहायचा तर तीन-चार दिवस आणि बाहेर रात्रीचा मुक्काम आलाच. मग खेड्यावरून येणारी मुले आणि बहुतेक मुली यादीतून आपले नाव काढून घेतात. त्यात मीही होते. आमच्या घरी प्रवास म्हणजे राजूरच्या गणपतीला, लग्नाला किंवा दवाखान्याला. नुसते ‘पाहायला’ जाणे हे कारण आमच्याकडे अजून कारणांत मोजले जात नाही. शिवाय पैशांचा प्रश्न आहेच.

म्हणून मला एका दिवसाची सहल सुचवायची आहे. खारे पाणी आपल्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे, आणि ते म्हणजे लोणारचे सरोवर. जिल्हा बुलढाण्याचा, पण वाट आपल्याच दारावरून जाते.

गेल्या फाल्गुनात आम्ही चौघी मैत्रिणी माझ्या मामांच्या सोबतीने गेलो. सकाळची एस.टी. धरली. गहू-हरभरा निघून रान मोकळे झालेले, बांधावर पळस पेटलेला. ‘पळसाला पाने तीनच’ असे आपण म्हणतो, पण फाल्गुनात त्याला तीही नसतात, नुसती फुले! वाटेत सिंदखेडराजा लागते. १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा इथलाच. तासभर तरी उतरावेच.

लोणारला काठावर उभे राहिले की प्रथम बोलणेच सुचत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, कडेपासून तळापर्यंत जवळजवळ दीडशे मीटर खोल, उतारावर झाडी आणि मधोमध हिरवट पाणी. हा ज्वालामुखीचा खड्डा असावा असे पुष्कळ दिवस मानले जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो अशनीच्या आघाताने झाल्याचे दाखवून दिले. प्रचंड आघातानेच निर्माण होणारे काचेसारखे द्रव्य तेथील खडकात सापडले. आपल्या शेतातल्या काळ्या मातीखाली जो काळा पाषाण आहे, त्याच बेसॉल्टमध्ये हा खड्डा पडला आहे. असे खड्डे पृथ्वीवर फार थोडे, चंद्रावर मात्र पुष्कळ. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही इथे येतात. वयाबद्दल एकमत नाही. आधीच्या मोजणीने सुमारे पन्नास हजार वर्षे येत होती, नंतरच्या मोजणीने पाच लाखांहून अधिक.

आता पाणी खारे का? लवणासुराची कथा सर्वांना ठाऊक आहे. शास्त्राचे उत्तर मला आईच्या चुलीवर सापडले. बोअरचे पाणी रोज तापवून हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. लोणार हा तसाच मोठा हंडा. झरे आणि पावसाचे ओहोळ आत येतात, बाहेर जायला वाट नाही, उन्हाने पाणी उडते, आणि खडकातून विरघळलेले क्षार हजारो वर्षे साठत राहतात. समुद्रात मुख्यतः मीठ असते, इथे त्याच्या जोडीला सोडाही आहे. साध्या पाण्याचा सामू ७ असतो, इथला दहाच्या आसपास मोजला गेला आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त या भागातील काच आणि साबणाच्या कच्च्या मालाची नोंद आहे, ती याचमुळे. आणि गंमत अशी की, याच खड्ड्याच्या कडेला ‘धार’ नावाचा गोड्या पाण्याचा झरा बारमाही वाहतो!

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा ते खारटपणात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवर रामसर यादीत गेले. तेव्हा खाऊचे कागद तिथे टाकू नयेत, हे निराळे सांगायला नको.

खर्चाचे म्हणाल तर मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. आम्हा मुलींच्या घरी ही गोष्ट अशनीपेक्षा अधिक पटली! भूगोल, इतिहास आणि मराठी या तिन्ही विभागांना एकत्र नेता येईल अशी ही जागा आहे. प्राध्यापकवर्गाने परीक्षेपूर्वीचा एखादा फाल्गुनातला रविवार ठरवावा. मोठ्या सहलीही जाऊ द्याव्यात, पण ही एक सर्वांची असावी.

जाणाऱ्यांनी पाणी आणि टोपी जवळ ठेवावी. बाजारात त्या सुमारास मृग बहाराची मोसंबी असतात, तीही घ्यावीत. उतरणे सोपे, चढताना ऊन डोक्यावर येते, म्हणून आधी सरोवर करावे आणि सिंदखेडराजा परतीला ठेवावे. दुपारी एकच्या आत लोणार सोडले की दिवेलागणीपूर्वी जालना येते, आणि खेड्यांकडच्या शेवटच्या गाड्या त्यानंतर सुटतात.